पंधरा दिवसांचा पाहुणा

‘पोस्त्रीझिनी’ या चेक सिनेमाची गोष्ट सांगायला बसलं, तर चहा निवायच्या आत संपते. लहानशा गावात बिअरचा कारखाना आहे. त्याचा व्यवस्थापक फ्रान्सिन हा नेमस्त, जरा भित्रा आणि बायकोवर जीव टाकणारा माणूस. बायको मारिश्का म्हणजे गावाचं कौतुकही आणि गावातली कुजबुजही: लांबसडक सोनेरी केस मोकळे सोडून सायकल दामटणारी, मांसाच्या तुकड्यावर आणि बिअरच्या ग्लासावर मनापासून तुटून पडणारी. एक दिवस फ्रान्सिनचा भाऊ पेपिन पंधरा दिवस राहायला येतो. हा गृहस्थ बोलत नाही, ओरडतो. पंधरा दिवस सरतात, पेपिन काही हलत नाही. दरम्यान एक डुक्कर कापलं जातं, दीर-भावजय कारखान्याच्या धुराड्यावर चढून बसतात, गावात रेडिओ येतो आणि शेवटी मारिश्का केस कापून टाकते. झालं.

खलनायक नाही, कटकारस्थान नाही, कुणी कुणाला धडा शिकवत नाही. तरी यिरी मेन्झेलने १९८० साली केलेला हा सिनेमा चेक लोकांच्या लाडक्या विनोदी सिनेमांत आजही मोजला जातो. नावाचा अर्थ केस कापणं एवढाच. इंग्रजीत तो ‘कटिंग इट शॉर्ट’ या नावाने शोधला की सापडतो. पहिल्यांदा बघणारा माणूस एक तर म्हणतो, ‘किती गोड!’ किंवा म्हणतो, ‘यात एवढं आहे काय?’ मला दोन्ही पटतं. पण हा गोडवा बनवलाय कसा आणि १९८० सालच्या चेकोस्लोव्हाकियात त्याचा भाव काय होता, हे कळलं की दुसऱ्या वेळी सिनेमा बराच निराळा दिसतो. इथे तेवढंच उलगडायचं आहे. सुरुवात पेपिनपासून करू, कारण तोच सगळ्यात आधी कानावर आदळतो.

पेपिन खरा होता

सिनेमा ज्या लघुकादंबरीवर बेतला आहे ती बोहुमिल ह्राबाल (१९१४–१९९७) या लेखकाची, आणि ती त्याच्या घरचीच हकिकत आहे. मारिश्का ही त्याची आई, फ्रान्सिन हे सावत्र वडील. १९१९ साली हे कुटुंब निंबुर्कला आलं. प्रागच्या पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, लाबे नदीच्या काठी वसलेलं हे गाव. हीच लाबे पुढे जर्मनीत एल्ब होते. वडिलांची नोकरी तिथल्या ब्रुअरीत, बिऱ्हाडही ब्रुअरीच्या आवारात. मुलगा वाढला तो माल्टच्या वासात, पिंपं ठोकणाऱ्या कामगारांच्या गप्पा ऐकत.

पंधरा दिवसांच्या पाहुण्याची गोष्टही रचलेली नाही. योसेफ नावाचा काका, घरातला पेपिन, खरोखरच पंधरवड्यासाठी म्हणून आला आणि त्याने पुढचं आयुष्य तिथेच काढलं. जोडे शिवायचं काम शिकलेला, ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या फौजेत राहून आलेला हा माणूस. त्याच्या बोलण्याला सुरुवात असे, शेवट नसे. फौजेतल्या बढाया, आपल्यावर म्हणे भाळलेल्या सुंदऱ्या, कुठल्या तरी खानावळीतली मारामारी, मध्येच एखादं गाणं, मध्येच वैद्यकशास्त्र, आणि हे सगळं टिपेच्या आवाजात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर अस्सल वल्ली. फरक इतकाच की बहुतेक वल्लींच्या घरात लेखक जन्मत नाही, इथे जन्मला.

ह्राबाल या काकाला आपली काव्यदेवता म्हणायचा, आणि ती नुसती कौतुकाची थाप नव्हती. त्याची लिहिण्याची रीतच पेपिनच्या तोंडून आली आहे. वाक्य सुरू करायचं आणि आठवण जिकडे ओढेल तिकडे वाहू द्यायचं. मुद्द्यावर पोचायची घाई करायची नाही, कारण मुद्दा असा काही नसतोच. १९६४ साली त्याने अशाच एका म्हाताऱ्याच्या बडबडीचं आख्खं पुस्तक काढलं. ते सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच वाक्य आहे, आणि तेही पुरं होत नाही.

एक गंमत इथे नोंदवण्यासारखी आहे. निंबुर्कला आले तेव्हा ह्राबाल पाच वर्षांचा होता आणि पाठीवर एक भाऊही होता. कादंबरीत आणि सिनेमात मात्र मारिश्का-फ्रान्सिनला मूलबाळ नाही. लेखकाने स्वतःलाच स्वतःच्या घरातून बाहेर काढलं आहे. सिनेमाच्या शेवटी मारिश्काला दिवस गेल्याचं कळतं आणि प्रेक्षक ओळखतात की हे येऊ घातलेलं मूल म्हणजे ही गोष्ट सांगणारा. म्हणजे आपण जे बघितलं ते सांगणाऱ्याने कधी पाहिलंच नव्हतं. आई तरुण होती, बेफाम होती आणि अजून कुणाची आई नव्हती, त्या काळाची त्याने केलेली ती कल्पना आहे. सिनेमाभर पसरलेला सोनेरी उजेड त्यामुळे खोटा वाटत नाही. आईवडिलांच्या लग्नाचे फोटो बघताना आपण सगळेच थोडे असे उदार होतो.

ओरडण्याचं तंत्र

आता विनोद चालतो कसा ते बघू. ब्रुअरीच्या संचालक मंडळाची बैठक भरली आहे. गावातली वजनदार मंडळी, अध्यक्ष डॉक्टर ग्रुंतोराड, समोर हिशेबाची वही धरून फ्रान्सिन. आकडे वाचून दाखवले जातायत. आणि भिंतीपलीकडून पेपिनचा आवाज येतो. काय म्हणतोय ते धड कळत नाही, पण कुणाला तरी दम देतोय की गाणं म्हणतोय, असा तो आवाज. फ्रान्सिन वाचत राहतो. आवाज वाढतो. फ्रान्सिन क्षमा मागून बाहेर पळतो, भावाला गप्प करतो, परत येऊन आकडे वाचायला लागतो, तोच पुन्हा आवाज.

या सगळ्यात विनोद पेपिनच्या वाक्यांत नाही. तो आहे फ्रान्सिनच्या चेहऱ्यावर. यिरी श्मित्सर या नटाने हा माणूस असा उभा केलाय की त्याची मान, त्याचे खांदे, त्याचं बोलताना आवंढा गिळणं यातूनच अब्रू जाण्याची भीती दिसते. मेन्झेल कॅमेरा जवळ नेत नाही, झटपट दृश्यं तोडत नाही. तो बैठकीतल्या सगळ्यांना एकाच चौकटीत बसवतो आणि आपल्याला चेहरे निवडायची मोकळीक देतो. कुणी ओठ दाबतोय, कुणी छताकडे बघतोय. सिनेमॅटोग्राफर यारोमिर शोफर आणि संगीतकार यिरी शुस्त हे मेन्झेलचे जुने साथीदार. या तिघांची घडी इतकी बसलेली की कुठेही ‘आता हसा’ असं सांगणारी खूण सापडत नाही.

पेपिनचं काम केलंय यारोमिर हान्झलिकने. तो तोवर ओळखला जायचा देखणा, हळवा तरुण नायक म्हणून. त्याला विस्कटलेला, ओरडणारा, दारात मावत नाही असा वाटणारा पेपिन द्यायचा हा निर्णयच धाडसाचा. वयस्कर विनोदी नट घेतला असता तर पेपिन नुसता विक्षिप्त म्हातारा झाला असता. हान्झलिकच्या पेपिनमध्ये एक तरणाबांड उत्साह आहे. तो वेडा वाटत नाही, जरा जास्तच जिवंत वाटतो. ओरडण्यामागे राग नाही, कुरापत नाही. आपल्याला जे आठवलंय ते जगाला ताबडतोब कळलंच पाहिजे, एवढीच त्याची तळमळ.

मंडळी शेवटी त्याला हाकलत नाहीत. ब्रुअरीतच कामाला लावतात. ज्या गावात त्याच्या आवाजाने अब्रू जात होती, त्याच गावाला हळूहळू त्या आवाजाची सवय होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरी परकी कोण?

बाहेरचा माणूस छोट्या गावात येतो, या प्रकारच्या विनोदी गोष्टींचे दोन ठरलेले शेवट असतात. एक तर तो गावाला सुधारतो, नाही तर गाव त्याला हाकलून देतं. दोन्हींत गावाचं आणि त्याचं जमत नाही हे गृहीत आहे. ‘पोस्त्रीझिनी’त यातलं काहीच होत नाही. पेपिन जसा आला तसाच सिनेमाच्या शेवटीही आहे, तसूभर बदललेला नाही. बदलते मारिश्का. किंवा नेमकं बोलायचं तर, ती मुळात कशी होती हे पेपिन आल्यावर उघड्यावर येतं.

कारण गावात बसत नव्हती ती हीच. फ्रान्सिनचं तिच्यावर प्रेम आहे, पण त्याला हवी आहे एक सभ्य गृहिणी: हळू बोलणारी, बेताने खाणारी, शालीन. मारिश्काला भूक आहे, तहान आहे, अंगात वारं आहे. पाय दुखावून ती अंथरुणात पडते तेव्हा फ्रान्सिन किती खुशीत असतो ते बघा. बायको आजारी आहे याचं दुःख कमी आणि बायको अखेर एका जागी आहे याचं समाधान जास्त! माग्दा वाशारिओव्हा या स्लोव्हाक अभिनेत्रीने मारिश्का साकारली आहे. (या बाई पुढे, कम्युनिस्ट राजवट पडल्यावर, चेकोस्लोव्हाकियाच्या ऑस्ट्रियातल्या राजदूत झाल्या आणि १९९९ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढल्या. मारिश्काला शोभणारीच कारकीर्द.)

पेपिन येईपर्यंत या बाईला खेळगडी नव्हता. तो येतो आणि दोघांची गट्टी जमते. गाव पेपिनकडे बोट दाखवून हसतं आणि त्या गडबडीत मारिश्काला हात-पाय पसरायला जागा मिळते. पेपिनचं खरं काम हे आहे. तो उघडउघड वेडगळ असल्यामुळे त्याच्या शेजारी उभं राहून दुसऱ्या कुणालाही थोडं वेडं होता येतं. म्हणून मला वाटतं, हा सिनेमा पेपिनवरचा म्हणून बघितला तर निम्माच कळतो.

धुराड्याचा प्रसंग याचा पुरावा. कारखान्याच्या उंच धुराड्यावर, भिंतीतल्या लोखंडी कड्या धरत धरत, मारिश्का चढत जाते आणि पेपिन तिच्यासोबत. वर वारा आहे. तिचे केस निशाणासारखे आडवे उडतायत. दोघं वर बसून मजेत दूरवरचा मुलूख न्याहाळतायत आणि खाली सगळं गाव जमलंय, अग्निशमन दलाचे जवान जाळं घेऊन धावपळ करतायत, फ्रान्सिनचा जीव टांगणीला. वर दोन माणसं निवांत, खाली शंभर माणसं हवालदिल. संकट कुणावर आलंय, असा प्रश्न पडावा अशी ही रचना आहे, आणि मेन्झेल तो प्रश्न तोंडाने विचारत नाही.

डुक्कर कापण्याचा प्रसंग शाकाहारी प्रेक्षकांना जड जाईल हे खरं. पण तो सोडून पुढे जाऊ नका. चेक खेड्यांत हिवाळ्यातलं डुक्कर कापणं हा घरचा सणच असतो: भल्या पहाटे खाटीक येतो, दिवसभर सॉसेज, रक्ताचं सूप, चरबी वितळवणं, शेजाऱ्यांना वाटे पोचवणं. सिनेमात या गडबडीत मारिश्का कुणाच्या तरी गालाला रक्ताचं बोट लावते. तो तिला लावतो. मग धुळवड खेळावी तसे सगळे एकमेकांना माखायला लागतात, आणि संचालक मंडळातली भारदस्त मंडळी, डॉक्टर ग्रुंतोराडसकट, त्यात सामील होतात. रुडॉल्फ ह्रुशिन्स्कीने केलेला हा डॉक्टर म्हणजे गलेलठ्ठ, खादाड, गोड माणूस. पद, पैसा, वय सगळं एका क्षणात गळून पडतं. अधिकारपदावरच्या माणसाला हास्यास्पद करून त्याची लाज काढायची नाही, उलट त्याला हसण्यात ओढून घ्यायचं, ही मेन्झेलची खास रीत.

आता केस. चेकोस्लोव्हाकिया हा देशच १९१८ साली जन्माला आलेला. १९२३ मध्ये प्रागजवळून नियमित रेडिओ प्रसारण सुरू झालं. सिनेमातलं गाव रेडिओचं प्रात्यक्षिक बघायला जमतं. प्रागमधला आवाज इथे, याच क्षणी ऐकू येतो म्हणजे मधलं अंतर आखूड झालं, असं लोकांना समजावलं जातं. मारिश्का हे शब्दशः घेते. अंतर आखूड होतं तर बाकीच्याने काय घोडं मारलंय? ती खुर्च्यांचे पाय कापते, झगा कापते, बिचाऱ्या कुत्र्याचं शेपूटही सोडत नाही. आणि अखेर सगळ्या गावाने स्वतःची मालमत्ता समजलेले ते केस.

या कापाकापीत एक गोष्ट मात्र कुणालाही आखूड करता येत नाही, ती म्हणजे पेपिनचं बोलणं. नवं युग सगळं तोकडं, वेगवान, सुटसुटीत करत निघालंय आणि हा माणूस बादशहाच्या फौजेची लांबण लावून बसलाय. मारिश्का पुढे धावणारी, पेपिन मागे रेंगाळणारा, आणि दोघंही गावाच्या घड्याळाबाहेर. म्हणूनच त्यांचं जमतं.

शेवटाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. केस कापलेल्या मारिश्काला फ्रान्सिन लोकांसमोर सायकलच्या पंपाने फटके मारतो. सिनेमा हे लाडिक समेटासारखं दाखवतो. मारिश्काही ते हसण्यावारी नेते. आज बघताना हा भाग खटकतो आणि खटकायलाच हवा. ‘तो काळच तसा होता’ म्हणून मी तो सोडून देणार नाही. स्वतःच्या केसांवर स्वतःचा हक्क सांगणाऱ्या बाईची गोष्ट दीड तास रंगवून सांगितल्यावर तिला पोरीसारखं मांडीवर आडवं घालायचं, ही या सिनेमातली सगळ्यात स्वस्त तडजोड आहे.

हलकेपणाची किंमत

तडजोड हा शब्द आलाच आहे तर आता राजकारणाकडे वळू. या सिनेमात राजकारणाचा एकही शब्द नाही, आणि तरी त्याशिवाय हा सिनेमा समजत नाही.

ह्राबाल आणि मेन्झेल ही जोडी जुनी. मेन्झेलच्या पहिल्याच मोठ्या सिनेमाची गोष्ट ह्राबालची होती: दुसऱ्या महायुद्धातल्या एका छोट्या रेल्वे स्टेशनावरचा शिकाऊ कर्मचारी. १९६६ च्या त्या सिनेमाला १९६८ मध्ये परभाषिक सिनेमाचं ऑस्कर मिळालं. दिग्दर्शकाने तिशी गाठलेली होती, नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि थोडीफार मोकळी झालेली हवा बंद झाली. पुढच्या वीस वर्षांच्या त्या राजवटीने स्वतःला नाव घेतलं ‘सामान्यीकरण’: म्हणजे सगळं पूर्ववत, शांत, कुणी काही बोलायचं नाही.

१९६९ मध्ये दोघांनी आणखी एक सिनेमा केला होता. भंगाराच्या आवारात ‘सुधारण्यासाठी’ कामाला जुंपलेले प्राध्यापक, दुकानदार, संगीतकार असं त्याचं कथानक. त्यावर बंदी आली, तो थेट फडताळात गेला आणि राजवट पडल्यावर १९९० साली बाहेर आला. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला सोनेरी अस्वल, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळालं. मेन्झेलला काही वर्षं सिनेमा करू दिला गेला नाही. १९७४ मध्ये परवानगी मिळाली ती धरणाच्या बांधकामावरच्या कामगारांचा सिनेमा करायची. इकडे ह्राबालची दोन पुस्तकं १९७० मध्ये छापून तयार असताना नष्ट केली गेली आणि पुढची काही वर्षं तो अधिकृतरीत्या लेखकच उरला नाही. ‘पोस्त्रीझिनी’ त्याने याच बंदीच्या काळात लिहिली. सुरुवातीला ती टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरली. १९७५ च्या जानेवारीत एका सरकारमान्य साप्ताहिकात त्याची मुलाखत आली. समाजवादाबद्दल चार अनुकूल वाक्यं त्यात होती. त्या वाक्यांच्या मोबदल्यात पुस्तकं पुन्हा छापून यायला लागली, आणि त्याच वाक्यांसाठी प्रागमधल्या काही बंडखोर तरुणांनी त्याची पुस्तकं जाळली. १९७६ मध्ये ‘पोस्त्रीझिनी’ रीतसर प्रसिद्ध झाली.

सरकारी स्टुडिओतून १९८० साली बाहेर पडलेला हा हलकाफुलका सिनेमा म्हणजे दोन पोळलेल्या माणसांचं एकत्र येणं होतं. आणि त्यांनी काय निवडलं? ऑस्ट्रियाच्या साम्राज्यानंतरची आणि हिटलरच्या आधीची वीसेक वर्षं. ब्रुअरी भागधारकांची. न्हाव्याचं स्वतःचं दुकान, खानावळवाल्याची स्वतःची खानावळ, खाटकाचा स्वतःचा सुरा. १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यानंतर यातलं जवळजवळ सगळं सरकारजमा झालं. प्रेक्षकांतल्या पन्नाशीच्या माणसाला ते आठवत होतं. विशीच्या माणसाने आजीकडून ऐकलं होतं. सिनेमा हे जग फक्त दाखवतो. ते चांगलं होतं असं म्हणत नाही, गेलं म्हणून रडतही नाही. सेन्सॉरने बोट ठेवायचं तरी कशावर, डुकराच्या मांसावर?

इथे एक सावधगिरी. त्या काळातल्या प्रत्येक पूर्व युरोपीय सिनेमात गुप्त संदेश शोधायची खोड अनेकांना असते. पेपिन म्हणजे स्वातंत्र्य, धुराडं म्हणजे सत्ता, केस म्हणजे राष्ट्र, असलं काही इथे मुळीच नाही. धुराडं म्हणजे धुराडंच आहे. पण ज्या राजवटीला माणसांनी हळू बोलावं असं वाटत होतं, तिच्या पडद्यावर एक माणूस दीड तास पोटभर ओरडतो आणि त्याला कुणी हाकलत नाही, त्याची सवय करून घेतली जाते. बघणाऱ्याला काय वाटलं असेल ते सांगायला प्रतीकं लागत नाहीत.

उलट बाजूही ऐकून घ्यावी. काही टीकाकारांना मेन्झेलचे या काळातले सिनेमे फार गुबगुबीत वाटतात: बिअर, मांस, दयाळू डॉक्टर, सुंदर बाई, आणि चेक माणूस कसा मिश्कील, सोशिक, निरुपद्रवी याचं स्वतःच केलेलं कौतुक. सत्तेला असलाच विनोद सोयीचा नाही का? आक्षेपात दम आहे. भंगाराच्या आवारातल्या सिनेमाची धार इथे नाही, हे दोन्ही पाठोपाठ बघणाऱ्याला लगेच जाणवतं. तरी मी बाजू घेईन ती मेन्झेलचीच, कारण धार असलेला सिनेमा एकवीस वर्षं डब्यात होता आणि हा लोकांनी थिएटरात बघितला.

पेपिनचे भाऊबंद

मेन्झेलला गावातल्या विक्षिप्त माणसाचं वेड आयुष्यभर होतं. १९६८ च्या ‘रोझमार्ने लेतो’मध्ये नदीकाठच्या गावात तीन मध्यमवयीन मित्र पावसाळी उन्हाळा कंटाळून काढतायत, तिथे दोरीवर चालणारा एक फिरता जादूगार येतो आणि सोबत तरुण मदतनीस मुलगी. जादूगाराचं काम खुद्द मेन्झेलने केलंय, दोरीवर चालण्यासकट. हा पाहुणा चार दिवसांनी निघून जातो आणि तिघं होते तिथेच राहतात.

१९८५ चा ‘वेस्निच्को मा स्त्रेदिस्कोव्हा’ सगळ्यात लोकप्रिय. पटकथा झ्देनेक स्व्हेराकची, ऑस्करचं नामांकनही मिळालं. यातला ओतिक गावातलाच, पण बुद्धीने थोडा मंद, आईवडील वारलेले. शेतकी सहकारी संस्थेच्या ट्रकवर तो मदतनीस आहे आणि गोलमटोल ड्रायव्हर पावेक त्याला वैतागलेला. ट्रक मागे घेताना ओतिक ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणत राहतो आणि ट्रक फाटकाचा खांब पाडतो. ओतिक झालेला यानोश बान हंगेरियन, पावेक झालेला मारियान लाबुदा स्लोव्हाक. चेक माणसाला सगळ्यात ‘आपली’ वाटणारी जोडी चेक नटांची नाही. इथे बाहेरचे लोक आहेत ते प्रागचे: ओतिकच्या घरावर डोळा ठेवून त्याला शहरात नोकरी आणि फ्लॅट देऊ करणारे. ओतिक इमारतींच्या गर्दीत हरवल्यासारखा होतो, आणि वैतागलेला पावेकच त्याला परत आणायला जातो. गावाला लागलेली सवय इथे पुन्हा दिसते. आवड वेगळी, सवय वेगळी. मेन्झेलची माणसं एकमेकांना आवडतातच असं नाही, पण एकमेकांशिवाय त्यांचं चालत नाही.

सिनेमा बघून निंबुर्कला जायची इच्छा झाली तर एक माहिती असू द्या: पडद्यावरची ब्रुअरी तिथली नाही. चित्रीकरण झालं मोराव्हियातल्या दालेशित्से गावी, १९७७ मध्ये बंद पडलेल्या ब्रुअरीत. ती पुढे पुन्हा सुरू झाली आणि आता तिथे संग्रहालयही आहे. निंबुर्कची खरी ब्रुअरी मात्र सिनेमाच्या नावाचीच बिअर विकते, त्यात पेपिनच्या नावाची एक आणि फ्रान्सिनच्या नावाची एक. कादंबरीतला फ्रान्सिन कोमट कॉफी आणि कोरडा पाव यावर भागवणारा, पण बाटलीवर चढला तो चढलाच. ह्राबालने म्हणून ठेवलं होतं की आपल्या नावाची पाटी लावायचीच तर कुत्र्यांची धार पोचेल इतक्या उंचीवर लावा. ब्रुअरीच्या भिंतीवर ती तशीच, खाली लावली आहे.

मेन्झेल २०२० च्या सप्टेंबरमध्ये गेला. त्याच्यावरचा सगळ्यात मोठा माहितीपट मुंबईत बसून काम करणाऱ्या माणसाने केलाय: पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचे संस्थापक शिवेंद्रसिंह डुंगरपूर. ‘चेकमेट’ नावाचा हा माहितीपट सात तासांहून लांब आहे; पेपिनला लांबी नक्की आवडली असती. तो शेवटी बघा. आधी ‘पोस्त्रीझिनी’, मग ओतिकचा सिनेमा, मग भंगाराच्या आवारातला. आणि सबटायटल्स वाचताना पेपिनचा शब्दन्‌शब्द पकडायची धडपड करू नका. तो ओरडायला लागला की खालची ओळ सोडा आणि फ्रान्सिनचा चेहरा शोधा.